माशीला लावलेले दोन पंख

भाऊजी, तुम्ही गेल्यापासून लोक बसायला येतात ते आपापल्या भिंतीवरचे फोटो खिळ्यावरून उतरवून, धोतराच्या सोग्याने पुसून, काखेत मारूनच येतात. काल डोणगावहून एक म्हातारबुवा बैलांची दमणी जुंपून आले. आल्याआल्या ओसरीवर बसून रडले, आणि रडणं सरल्यावर फोटो माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाहा बाई, वामनरावानं मले कसा गोरा केला होता!" मी पाहिलं तर खरंच, गोरेच नाहीत, वर मनगटावर घड्याळ. म्हटलं, "आजोबा, घड्याळ कोठचं वो?" तर म्हणाले, "थे त्यायनं पेन्सिलीनं काढलं होतं. आता नातवं इचारतात घड्याळ कोठी गेलं, त मी सांगतो चोरीले गेलं." मग मी रडावं की हसावं? दोन्ही केलं. पदर तोंडाला लावला की बाहेरच्याला दोन्ही सारखंच दिसतं.

अख्ख्या जानेफळात तुमच्या फोटोत कोणी काळा नाही, कोणाचे डोळे मिटलेले नाहीत, कोणाच्या कोटाला भोक नाही. सगळे तुमच्या हाताची तारीफ करतात आणि मी ऐकून घेते. पण ज्या एका फोटोपायी तुमचा कॅमेरा या घरात राहिला तो कोणाच्याच भिंतीवर नाही. माशीचा फोटो भिंतीवर कोण लावेल? माझी जाऊ इंदू, तिला ती गोष्ट पाठ आहे, पण तुम्ही सांगायचात तशी. मी मात्र आज झाली तशी लिहून काढते आहे. तुमच्यापुढे नेहमी तुम्हीच बोलायचात आणि मी 'हाव, हाव' करायची. आता माझी पाळी.

मी या घरात आले तेव्हा अकरा वर्षांची होते आणि तुम्ही नऊ. नाक वाहत असायचं तुमचं. त्या नाकाला मी 'अहो भाऊजी' म्हणायचं, कारण नात्याचा मान. तुम्ही शाळेतून यायचात, पाटी ओसरीवर फेकून पळायचात, आणि मी ती पुसायच्या आधी वाचून घ्यायची. माझी सगळी शाळा ती एवढीच. अक्षर आजही ओळ सोडून वर चढतं, तसंच चढू द्या.

कॅमेरा तुम्ही आणलात तेव्हा तुमच्या दादांनी तोंड फिरवलं होतं. गोठ्याजवळची कोठी रिकामी करून तुम्ही तिथं पडदा टांगला. पडद्यावर तळं, तळ्यात हंस, बाजूला खांब. जानेफळच्या माणसाला त्या तळ्याजवळ उभं केलं की तो छाती फुगवायचाच. गावोगावच्या बाजारालाही तुम्ही तो पडदा गुंडाळून न्यायचात. इकडे शेतात निंदणाला माणूस नाही आणि पाठचा भाऊ काळ्या कापडात डोकं घालून बसला आहे, हे दादांना कसं सहन व्हावं? त्या वर्षी कपाशी वेचायला लागलो तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "वाम्या, होळीपावतर पाहीन. होळीपावतर ह्या डब्यानं काही धड काम केलं त ठीक. नाही त मेहकरच्या बाजारात इकून टाकीन आन् तुले वखरावर धाडीन."

तुम्ही घास तसाच धरून बसलात. मी ताकाची वाटी पुढे केली ती तुम्ही घेतली नाही. दादा बोलले की करतात, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

आणि नेमके त्याच महिन्यात किड्यांचे साहेब मेहकरला आले. साहेब म्हणजे गोरे नव्हेत, आपल्यासारखेच सावळे, फक्त टोपी वेगळी. नागपूरहून कपाशीवरच्या अळीबद्दल सांगायला आले होते. लोकांनी ऐकून घेतलं आणि उठून गेले. तुम्ही तेवढे मागे राहिलात, तिथल्या तिथं एका बोंडाचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी धुऊन नेऊन दिलात. साहेब म्हणाले, शेतकी खात्याला किड्यांचे फोटो काढणारा माणूस पाहिजेच आहे. तुमच्या भागात सापडेल तो एखादा किडा घ्या, अंग न् अंग मोजता येईल असा फोटो काढा, कोणता आहे ते लिहून पाठवा. चांगला आला तर काम देतो.

तुम्ही नाचतच घरी आलात. त्यानंतर आठ दिवस माझ्या घरातलं एकही झुरळ सुखानं जगलं नाही.

ती माशी पहिल्यांदा मीच पाहिली, हे तुम्ही दुसऱ्यांना सांगताना नेहमी गाळायचात. विहिरीजवळच्या भाजीच्या वाफ्यात आपला सांबार, शहरातली कोथिंबीर, फुलावर आला होता. पौषातली गोष्ट. मी धण्याला थोडा राखून बाकीचा उपटत होते, तर त्या पांढऱ्या फुलांवर हवेतल्या हवेत एक काहीतरी उभं राहिलेलं. उडत नाही, बसत नाही, खिळ्याला टांगल्यासारखं. बोटाच्या पेराएवढं, काळं कुळकुळीत, पोटावर हळदीसारखे पट्टे, कंबर बारीक, आणि डोळे केवढे, डोक्यावर डोळ्यांशिवाय काही उरलंच नव्हतं. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात आणि लांबूनच ओरडलात, "वहिनी, मागं सरा! गांधील आहे थे!"

मी म्हटलं, "गांधील नाही. पाहा न, हात चोळून राह्यली."

खरंच, ती फुलावर बसली होती आणि पुढचे दोन पाय एकमेकांवर घासत होती, मग डोक्यावरून फिरवत होती. गुळाच्या खड्यावर बसलेली घरातली माशी जशी करते तशी. जन्मभर चुलीपुढं बसणाऱ्या बाईला ते सांगायला लागत नाही.

"हात चोळते म्हनून माशी? मंग आपले दादाबी जेवाले बसताना हात चोळतात."

"दादायले डोळे एवढे नाहीत."

तुम्ही हसलात खरे, पण पट्टे आणि कंबर पाहून तुमचं मन ठरलं होतं. गांधीलच. वेगळ्या जातीची, म्हणून साहेबाला पाठवण्यासारखी. आपला वाद तिथं सुरू झाला, पुढे माशीवरून माणसांच्या फोटोंवर गेला, आणि खरं सांगायचं तर या आठवड्यापर्यंत काही सरला नव्हता.

फोटो काढायचा कसा? दिवसा ती डोळ्याची पापणी लवते तोवर इकडून तिकडे. तुम्हाला तर 'एक, दोन, तीन' मोजेपर्यंत ती हलायला नको. दोन दिवस तुम्ही तिपाई घेऊन वाफ्यात फिरलात, वाफे तुडवलेत, आणि फुलांचे फोटो घेऊन परत आलात. मग मी सुचवलं की पहाटेच्या गारठ्यात जाऊ. थंडीत माणसाचे हात वळत नाहीत, तर हिचे कसे वळतील? झालंही तसंच. दिवस उगवता उगवता गेलो तर बाईसाहेब सांबाराच्या फुलावर दव अंगावर घेऊन गप्प बसलेल्या. पंख अर्धे पसरलेले. मी पितळेची परात घेऊन उभी राहिले, उन्हाची तिरीप तिच्यावर पाडायला. तुम्ही काळ्या कापडात शिरलात. आणि आतून तुमचा बाजारातला आवाज आला, "हं, हलू नका. मान थोडी वर. श्वास धरून ठेवा."

मला इतकं हसू आलं की परात हलली. तुम्ही कापडातूनच खेकसलात, "वहिनी, तुमाले नाही म्हनलं, थिले म्हनलं!"

दुपारी कोठीत लाल दिव्याखाली तुम्ही काच धुतलीत आणि बाहेर आणून मला दाखवलीत. काचेवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, पण माशी नीट आली होती. डोळे, पट्टे, पायांवरचे केससुद्धा. आणि पंख दोन. मला तेवढं पुरलं. तुम्ही मात्र काच उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत राहिलात आणि "हम्म" केलंत. ते 'हम्म' तेव्हा मला कळलं नाही.

फोटो नागपूरला गेला. कागदावर छापलेला मी पाहिलाच नव्हता. तुम्ही कोठीतच बंद केलात आणि टपालात टाकलात.

उत्तर माघात आलं. तुम्ही ओसरीवर उभं राहून मोठ्यांदा वाचलंत. साहेबांनी लिहिलं होतं की या प्राण्याचं डोकं माशीचं, मिशा माशीच्या आणि पंख मात्र गांधिलीसारखे चार. असा प्राणी माझ्या माहितीत कोठेच नाही. तेव्हा एकतर ही अगदी नवी जात आहे, नाहीतर काही घोटाळा आहे. प्राणी आणि मूळची काच, दोन्ही पाठवा, म्हणजे काय ते ठरवू.

"नवी जात!" तुम्ही ओरडलात. "दादा, ऐकलं काय? जानेफळात नवी जात!" आणि मग तुमची नजर पुन्हा त्याच ओळीवर गेली आणि चेहरा उतरला. काच. काचच मागितली होती.

दादा शेताकडे गेले. मी विचारलं, "भाऊजी, चार पंख कोठून आले? म्या त दोन पाह्यले होते."

तुम्ही पत्राची घडी केलीत. मग चिडून म्हणालात, "गांधिलीले चार असतात. खिडकीत मेलेली होती, थिचे म्या मोजले. मंग हिचे दोन कोठी गेले? वाऱ्यानं हालले असतीन म्हनून आले नाही. म्या काढले. काऊन, काय चुकलं? लोकायचे मिटलेले डोळे नाही का उघडत म्या?"

म्हणजे तुम्ही पेन्सिल आणि सुई घेऊन बसलात आणि त्या काचेवर मागचे दोन पंख काढलेत. जिथं फिकट हवं तिथं पेन्सिल, जिथं शीर दाखवायची तिथं सुईचा ओरखडा. मेलेली गांधील समोर ठेवून, एकेक शीर मोजून. भाऊजी, खोटेपणा तरी किती मन लावून केला होतात! आणि तो खोटेपणा आहे हे तुमच्या गावीही नव्हतं. तुम्हाला वाटलं, बिचारीचं काही राहून गेलं आहे, ते भरून द्यावं. देवाशपथ, त्या क्षणी मला तुमच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं आणि पाठीवरून हात फिरवावा असंही.

होळीला वीस-बावीस दिवस उरले होते. सांबार वाळून धणे झाले होते, माशीचा पत्ता नव्हता. जिवंत एक सापडल्याशिवाय पंख किती ते ठरणार नव्हतं, आणि साहेबाला काही पाठवताही येणार नव्हतं. आपण कुठं कुठं शोधलं! करडईत पाहिलं, निंबाखाली पाहिलं. शेवटी गिरजाबाई माळणीच्या वाफ्यात कांद्याचे गोंडे फुलले होते, बियाण्याला राखलेले, तिथं गेलो. सकाळच्या गारव्यात, तुम्ही आणि मी, कांद्याच्या ओळीत वाकून. गिरजाबाई मोट सोडून धावत आली.

"काय हारपलं वो मोठ्या बाई? नथ पडली का?"

"नाही वो. माशी पाहून राह्यलो."

"माशी?" ती आपल्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. "अव माय! घरी नाहीत काय माशा?"

आणि तेवढ्यात ती दिसली. तुमच्या कोपराजवळच्या गोंड्यावर. तुम्ही पाहिलं आणि मागे सरकलात. मी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि झाकली.

"सोडा! वहिनी, सोडा! डसन ना वो!"

"डसू द्या. डसली त तुमी खरे."

माझ्या मुठीत ती गरगर फिरत होती, तळव्याला गुदगुल्या होत होत्या. गिरजाबाई 'राम राम' म्हणत होती. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत उभे होतात, आत्ता ओरडते की मग, असे. खरं सांगू का भाऊजी? भीती मलाही वाटत होती. हात चोळते एवढ्यावर मी माझा हात पणाला लावला होता. पण तुमच्यापुढे कसं दाखवू?

नाही डसली. मी ती सोबत आणलेल्या कंदिलाच्या काचेत सोडली, दोन्हीकडे फडकं बांधलं. तुम्ही खिशातून कॅमेऱ्याचं भिंग काढलंत आणि डोळ्याला लावलंत.

"एक," तुम्ही म्हणालात. "दोन."

मग पुन्हा, "एक. दोन."

भिंग आणखी काचेजवळ नेलंत. मग म्हणालात, "वहिनी, पंखाच्या मागं हे काय आहे? मोहरीएवढ्या दोन घुंड्या. दांडीवर बसवल्यासारख्या."

मी पाहिलं. होत्या. जिथं तुम्ही पंख काढले होते नेमक्या तिथं, देवानं दोन बारक्या घुंड्या लावल्या होत्या.

तुम्ही तसेच कांद्याच्या वाफ्यात मांडी घालून बसलात आणि हसायला लागलात. हसता हसता डोळे पुसलेत. "म्या थिले पंख लावले वो वहिनी. उडून राह्यली होती बिचारी दोनावर, म्या चार केले." गिरजाबाईला काही कळलं नाही, पण तुम्ही हसता म्हणून तीही हसली.

हसणं तेवढ्यापुरतंच. घरी आल्यावर तुम्ही पत्र लिहायला बसलात. माशी काड्यापेटीत कापसावर निजवली होती. काच खोक्यात, वर-खाली आपल्याच घरच्या कपाशीचा कापूस. पत्र मात्र होईना. एकदा लिहिलंत की काच हाताळताना खराब झाली असावी, आणि फाडलंत. पेन्सिल पुसून टाकायला गेलात. पेन्सिल पुसली जाते, पण सुईचा ओरखडा जात नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? मी म्हटलं, "झालं ते लिहून टाका न." तुम्ही म्हणालात, "काय लिहू? का मी खोटारडा आहे म्हनून? मंग काम भेटन मले?" शेवटी एका ओळीचं पत्र लिहिलंत, 'सोबत प्राणी व काच पाठवीत आहे', आणि खोकं माझ्यापुढे सरकवलंत. कापडात शिवायला. आपल्या घरचं पार्सल मीच शिवायची, माझा टाका बारीक म्हणून.

तर भाऊजी, ऐका. शिवायच्या आधी मी त्यात माझं एक पत्र टाकलं.

जन्मात कोणाला लिहिलं नव्हतं. पाठकोऱ्या कागदावर, दुपारी सगळे शेतात असताना लिहिलं. शब्द न् शब्द आठवतो, कारण तीनदा लिहून काढलं होतं. 'साहेबास दंडवत. तुमच्याकडे गेलेल्या फोटोत माशीला चार पंख आहेत. त्यातले मागचे दोन आमच्या भाऊजींनी काढले आहेत. त्यांना वाटलं हालल्याने आले नाहीत. फसवायचं मनात नव्हतं. ते सगळ्यांचेच फोटो असे नीट करून देतात आणि लोक खुश होतात. माशीला काही वाढवू नये हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता मी सांगितलं आहे. पेटीतली माशी मी हाताने धरली, डसली नाही, तिला दोनच पंख आहेत, मोजून पाहावे. माणूस हाताचा हुशार आहे. त्याला काम द्या म्हणजे कॅमेरा घरात राहील. फोटोवाल्याची वहिनी.'

मग शिवलं. एवढे बारीक टाके मी माझ्या चोळीलाही घातले नाहीत.

होळीच्या गोवऱ्या थापून वाळत घातल्या होत्या तेव्हा उत्तर आलं. तुम्ही या वेळी मोठ्यांदा वाचलं नाहीत, आधी मनात वाचलंत. मी दारामागे उभी. साहेबांनी माझं नाव काढलं असेल तर? मग तुम्ही ओरडलात आणि मी दारामागून जवळजवळ पडलेच. लिहिलं होतं, 'काच पाहिली. सगळं समजलं. ही माशीच आहे, नवी नव्हे पण या भागात क्वचित दिसणारी. गांधिलीचं सोंग घेते म्हणून पाखरं हिच्या वाटेला जात नाहीत. गांधिलीला पंख चार, माशीला दोन आणि मागे तोल राखायला दोन घुंड्या, हे ध्यानात ठेवावे. मूळचा फोटो उत्तम आहे. यापुढे जे असेल तेच, जसं असेल तसंच पाठवणार असाल, तर कपाशीवरच्या अळीपासून कामाला लागावे.'

दादांनी दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "सरकारले अळ्यायचे फोटो पाह्यजे? मानसं सरले काय नागपूरचे?" पण कॅमेरा विकण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोठीच्या छपराची कवेलू स्वतः चढून नीट केली. आजही कोणी आलं की सांगतात, माझा भाऊ सरकारी किड्यांचा फोटोवाला होता. 'होता' म्हणताना थांबतात.

आणि तुम्ही! त्या दिवसापासून गोष्ट तयार झाली. "साहेबानं काच पाह्यली आन् काचच बोलली! एक शब्द म्या लिहिला नाही. कारागिराले कारागीर वळखतो." डोणगावच्या बाजारात सांगायचात, धाड गावी लग्नाला गेलात तर मांडवात सांगायचात, इंदूला तर पहिल्या महिन्यातच सांगितलीत. मी वाढता वाढता ऐकायची. दहादा वाटलं, सांगून टाकावं. पण तुम्ही ज्या तोऱ्यात 'काचच बोलली' म्हणायचात त्या तोऱ्यावर पाणी टाकायला माझा हात झाला नाही. एकदाच म्हटलं, "साहेबानं 'सगळं समजलं' लिहिलं, थे काऊन लिहिलं असन?" तुम्ही म्हणालात, "काच वाचता येते ना त्यायले." मी म्हटलं, "हाव."

साहेबाला अळ्या पाठवल्यात त्या मात्र जशाच्या तशा. तुटकी मिशी तर तुटकी, पाय कमी तर कमी. माणसांचे डोळे उघडायचे तुम्ही शेवटपर्यंत सोडले नाहीत. मी टोमणा मारला की म्हणायचात, "मानसाची गोष्ट येगळी वहिनी. मानूस सोता सांगतो, डोळे उघडा म्हनून. माशी थोडीच म्हनली होती, मले पंख लावा?" पण माझ्या फोटोच्या वेळी मी कुठं म्हटलं होतं? तुम्ही माझ्या तोंडावरचे देवीचे सगळे व्रण पुसून टाकलेत, गाल कसे लोण्यासारखे. मी फोटो हातात घेऊन विचारलं, "ही बाई कोन?" किती लागलं तुम्हाला ते! दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं आलात, चहा मागितलात, आणि कप घेता घेता दुसरा फोटो चौकटीला टेकवून ठेवलात. त्यात मी होते, व्रणांसकट. तो माझ्या पेटीत आहे. लोण्याच्या गालांचा दादांनी ठेवून घेतला आहे, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

मागच्या आठवड्यात वैद्यबुवा नाडी पाहत होते तेव्हा तुम्ही पुन्हा ती गोष्ट सुरू केलीत. दम लागत होता. "काचच बोलली" इथपर्यंत आलात आणि खोकला आला, मग पुढचं सांगा, असं डोळ्यांनीच मला म्हणालात. मी वैद्यबुवांना पुढचं सांगितलं, तुमच्यासारखंच. तुम्ही मान हलवत होतात. तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत वैद्यबुवा नसते तर सांगितलंही असतं, असं मी मनाला सांगते. खरं म्हणजे नसतं सांगितलं. तुम्ही इतके खुश दिसत होतात.

आता सांगितलं. काच बोलली नव्हती भाऊजी, मी बोलले होते. पण हेही ऐकून घ्या, मी नुसते दोन पंख सांगितले. बाकीची माशी तुमची होती. ते डोळे, ते पट्टे, पायावरचा केस न् केस, ते सगळं काचेवर तुम्हीच आणलं होतंत, आणि साहेबांनी 'मूळचा फोटो उत्तम' लिहिलं ते माझ्या पत्राला नव्हे.

रागवायचं तर खुशाल रागवा. तुमचा अबोला दोन दिवसांच्या वर कधी टिकला नाही. आजपासून धरा. परवा सकाळी मी चहाला आधण थोडं जास्तच ठेवीन.